ईरम्माची पाठ

सोलापुरात ज्याची पाठ धरली, तो आधी डॉक्टरकडे जाई, मग देवाला नारळ बोले, आणि दोन्हीकडून निराश झाला की धुळाप्पाच्या तालमीची वाट धरी. धुळाप्पा एकेकाळचा पैलवान. मोठ्या कुस्तीत चीत झाला तेव्हा लंगोट खुंटीला टांगला आणि कारकून, मास्तर, दुकानदार अशा वाकलेल्या मंडळींना सरळ करायचं काम मांडून बसला. लाल मातीत पालथं पाडायचं, छाती उचलायला लावायची आणि कुणी कण्हलं की चार शिव्या हासडायच्या. पैसा मात्र कुणाकडून घेत नसे. एवढं लोकांसाठी का करता, असं कुणी विचारलंच तर कोनाड्यातल्या मारुतीकडे बोट दाखवी. मारुती बिचारा काय बोलणार?

खरं कारण घरी होतं. थोरली बहीण ईरम्मा, नवऱ्यामागे भावाकडेच राहिलेली. धुळाप्पाच्या दूधबदामासाठी तिनं दुकानदारांची शेंगाची चटणी कुटली, वर्षानुवर्षं, उखळावर वाकून. बहात्तरच्या दुष्काळात स्वतः पाण्याबरोबर भाकरी गिळली, पण त्याचा दुधाचा तांब्या रिकामा ठेवला नाही. खुराक याच्या अंगी लागला आणि वाकणं तिच्या. आता ती चालायची तीही उखळावर वाकल्यासारखीच. जगाच्या पाठी चोळणाऱ्या धुळाप्पानं तिच्या पाठीला मात्र कधी हात लावला नव्हता. हात लावायचा तर बघावं लागलं असतं, आणि बघायची त्याला लाज वाटे.

एका रविवारी बँकेतला एकनाथ, पाठ बरी झाली म्हणून नारळ घेऊन घरी आला. ईरम्मा अंगणात कुटत होती.

"वस्ताद, ह्या कोण?" त्यानं सहज विचारलं. "ह्यांची पाठ तर फारच गेलीय. तुम्ही नाही बघितली?"

धुळाप्पाची जीभ नको ते बोलून गेली. "चटणी कुटायला येत्यात."

मुसळ थांबलं. ईरम्मानं एकनाथकडे बघून मान हलवली. "व्हय, कामाला येते," म्हणाली, आणि पुन्हा कुटू लागली.

एकनाथ गेल्यावर तिनं मुसळ कोपऱ्यात उभं केलं. जेवायला वाढलं, रोजच्याइतकंच. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर धुळाप्पाला बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्याला त्या ताटावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम भरलेली असताना ती दारात आली. बाईमाणसानं आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा नाही हा रिवाज, म्हणून पायरीवरच बसली.

"वस्ताद," ती परक्या बाईसारखी म्हणाली, "लोकांच्या पाठी बघता म्हनं. माजी बघाल का?"

बहिणीच्या तोंडून 'वस्ताद' ऐकताना धुळाप्पाला कानशिलात बसल्यासारखं झालं. आली, चारचौघांत माझी मापं काढायला आली, असं त्याच्या मनात आलं. पाठ बरी झाली तरी नेमानं येणारा एकनाथही पालथा पडल्या पडल्या मान वळवून बघत होता. धुळाप्पा पायरीवर आला आणि तिच्यामागे बसला.

"ही माजी अक्का हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काल मी खोटं बोललो. हिनं कुटलं आन् मी खाल्लं. त्यातच हिची पाठ गेली."

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. लुगड्याखालची सगळी हाडं हाताला लागली. इतक्या पाठी हाताखालून गेल्या होत्या, पण इथं सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना.

"हळू बोल की, धुळ्या," ईरम्मा पुटपुटली. "तुला लाजवाया न्हाय आले मी. लई दुकतंय रं. घरी तू हात लावत न्हाईस, म्हनून हितं आले."