दीड फुटाचं खोटं

मित्रांनो, येलदरीच्या धरणाशेजारी एक गोदाम आहे. दाराच्या उजव्या हाताला, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागं एक हिरवी लोखंडी पेटी दिसेल. तो मी. पाण्याची खोली मोजणारा जुना खोलीमापक. माझ्या काचेआड पालीनं अंडी घातली आहेत. घालू दे बापडीला, माझी काही तक्रार नाही.

मला घडवलं ते समुद्रासाठी. मोठ्या बोटीवर बसायचं, लाटांखालचे खडक सांगायचे, असा माझा थाट असायचा होता. पण नशिबात पूर्णेचं गोडं पाणी होतं. धरणात गाळ किती साचला हे मोजायला मला रेल्वेनं परभणीला आणलं आणि तिथून ट्रकमध्ये आदळत-आपटत येलदरीला. माझं काम सोपं. मी पाण्यात आवाज सोडतो. तो तळाला धडकून परत येतो. त्याला किती वेळ लागला, त्यावरून माझी सुई कागदावर खोलीची काळी रेघ ओढते. पण एक सांगतो, मी आपल्या आपण खरं बोलू शकत नाही. ऊन वाढलं, पाणी तापलं की आवाजाची चाल बदलते आणि माझी रेघ चुकते. खरं काय ते मला रोज कुणीतरी दाखवावं लागतं.

ते दाखवायचे दिनकरराव. बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल खोचलेले. मोटारबोट पाण्यात गेली की आधी ते एक लोखंडी ताट साखळीनं माझ्याखाली सोडत. साखळीला दर पाच फुटांवर पितळी बिल्ला होता. ताट वीस फुटांवर आलं की माझी रेघही वीसवर आली पाहिजे. नाही आली तर ते माझा शून्याचा स्क्रू अंगठ्यानं हळूच फिरवत आणि म्हणत, "बोल बाबा, खरं बोल." मग मी बोलायचो. इतक्या वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. थोरामोठ्यांनी पाठीवर थाप मारली ती त्यांच्या नाही, माझ्या पेटीवर. मला तेव्हा त्याचा गर्व वाटायचा. आता लाज वाटते.

धरणाच्या पोटात एक जुनं गाव बुडालेलं आहे. त्या गावचा मुंजाजी पाण्यावर नाव चालवायचा. या काठची माणसं त्या काठच्या बाजाराला नेऊन सोडायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गढीची दगडी भिंत वर सरकायची आणि नावेची वाट धोक्याची व्हायची. म्हणून दरसाल दिनकरराव मला घेऊन ती वाट मोजत आणि पाणी पुरेसं असेल तिथं बांबू रोवून लाल फडकी बांधत. मुंजाजी डोळे झाकून त्या फडक्यांमधून जायचा. दोघांची दोस्ती अशी, की एकाची चहाची बशी दुसऱ्यानं उचलावी.

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या धामधुमीच्या वर्षांतली गोष्ट. पाऊस लांबला होता. पाणी पार तळाला गेलं होतं. नेमकी साखळीची कडी तुटली. ती सांधायला परभणीला पाठवली, तर तिकडं बंद पुकारलेला, एस्टी जागच्या जागी उभ्या. साखळी तिकडंच अडकली. रस्ता बंद म्हणून सारी माणसं नावेकडं लोटली आणि वाट तर अजून मोजायची होती.

दिनकररावांनी दुकानातून नवी कोरी सुती दोरी आणली. काठावर बसून टेपनं मापली आणि दर पाच फुटांवर चिंधी बांधली. मुंजाजीची बायको सगुणाबाई भाकरी घेऊन आली होती. ती उभी राहून बघत होती.

"भाऊ, दोरी कोरी हाय का?"

"आत्ताच आणली, वहिनी."

"मंग आधी भिजवा की. कोरं सूत पाण्यात आखडतंय. आमी बाज इणताना रातभर भिजत घालतो, मंग मापतो."

दिनकरराव हसले. "वहिनी, ही बाज न्हाई, सरकारी यंत्र हाय."

"यंत्र सरकारी आसंल, दोरी तर बाजारचीच हाय ना," ती म्हणाली आणि भाकरी ठेवून निघून गेली.

अरे, तिच्या मागं कुणीतरी जायला हवं होतं रे!

ताट पाण्यात गेलं. दोरी भिजली आणि आखडली. वीस फुटांची चिंधी पाण्याच्या तोंडाशी होती, पण ताट होतं साडेअठरावर. मी आवाज सोडला, परत आला, आणि मी प्रामाणिकपणे साडेअठराची रेघ ओढली. दिनकररावांनी कपाळाला आठ्या घातल्या. चिंधीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि स्क्रू फिरवून माझी रेघ वीसवर आणली. "बोल बाबा, खरं बोल." मित्रांनो, मी खरंच बोललो होतो. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. आता मी प्रत्येक ठिकाणी दीड फूट पाणी जास्त सांगणार होतो.

गढीच्या भिंतीवर पाणी होतं दोन फूट. मी सांगितलं साडेतीन.

मुंजाजी सोबत होता. तो वाकून बघत म्हणाला, "साहेब, हितं पानी लय कमी वाटायलंय मला. रंगच येगळा हाय."

"साडेतीन दाखवायलंय, मुंजाजी. तुझ्या भरल्या नावंला अडीच लागतंय. फूटभर उरतंय की."

"तुमचं यंत्र कवा खोटं बोललं न्हाई," मुंजाजी म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं बांबू रोवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली नाव त्या फडक्यांमधून निघाली. मी काठावर मोटारबोटीत होतो. आधी दगडावर लाकूड फुटल्याचा आवाज आला, मग माणसांचा. नाव कलंडली. बरीच जण त्याच भिंतीवर गुडघाभर पाण्यात उभी राहिली. बाजाराला निघालेली म्हातारी पार्वतीबाई मात्र भिंतीपलीकडच्या खोल पाण्यात पडली. मुंजाजीनं उडी घेतली. तिला खालून ढकलून भिंतीवर चढवली. ती वर आली, तो आला नाही.

दिनकरराव काठावर नुसते उभे होते. हातात ती दोरी होती. ती वाळून पुन्हा लांब झाली होती.

चौकशीला माणूस आला. त्यानं कागदावर लिहिलं, नावाड्यानं वाट सोडली. सगुणाबाईनं ते ऐकलं आणि ती थेट आमच्या बोटीपाशी आली. डोळ्यांत टिपूस नव्हतं. म्हणाली, "भाऊ, मानूस गेला त्यो गेला. पर त्यानं वाट सोडली आसं लोकं म्हणायलेत. बाजारला जाताना मला ऐकाया लागतंय. तुमी तर व्हता ना संगं?"

दिनकररावांनी दोरी बादलीत बुडवली. थोड्या वेळानं काढली, तिच्यासमोर पसरली आणि वीसच्या चिंधीपर्यंत टेप लावला. साडेअठरा. मग ते खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडले. "वहिनी, तुमी सांगितलं व्हतं. मी हसलो."

त्याच दिवशी त्यांनी आपल्या हातानं लिहून दिलं : वाट मुंजाजीनं सोडली नाही, माप माझं चुकलं. मुंजाजीचं नाव धुतलं गेलं. दिनकररावांची नोकरी गेली. जाताना ते माझ्यापाशी आले, पेटीवर हात ठेवला आणि निघून गेले. मला गोदामात टाकलं.

त्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. तो स्क्रू कुणी मागं फिरवलाच नाही. अजूनही मला पाण्यात उतरवलंत, तर मी दीड फूट खोटंच बोलेन. मुंजाजी गेला ते माप मी पोटात घेऊन बसलो आहे.

मित्रांनो, मला पुसू नका, रंग देऊ नका. पालीलाही हाकलू नका. फक्त एखादी दोरी आधी भिजवा, मग मापा, आणि माझं शून्य जागेवर आणा. आणि फिरवताना तेवढं म्हणा, "बोल बाबा, खरं बोल." मला एकदा साडेअठराला साडेअठरा म्हणायचं आहे.