दोन नंबरचं बटण

ललितने रबरी नळीचं टोक ड्रायव्हर बारकूच्या दातांवर आपटलं.

"ओढ. रोज पेट्रोल कसं ओढतोस ते दाखव."

नळीचं दुसरं टोक यादव गाडीच्या टाकीत सारत होता. तो ललितच्या प्लॉटविक्रीच्या ऑफिसात लिहिण्याचं काम करायचा. वीतभर गेल्यावर नळी अडली.

"शेठ, आत जाळी आहे. हिच्यात नळी उतरतच नाही."

"मग खालून काढलं असेल त्याने."

ललितने नळी दुहेरी केली आणि बारकूच्या पाठीवर हाणली. गेल्या गुढीपाडव्याला त्याने ही काळी जर्मन गाडी आणली, तेव्हा शोरूमवाल्याने लिटरला सात किलोमीटर सांगितले होते. एक टायर तेहतीस हजारांचा, सर्व्हिसिंगसाठी प्रत्येक वेळी मुंबई. हे आकडे तो मित्रांना हसत सांगायचा. पेट्रोलचं मात्र त्याच्या जिव्हारी लागलं होतं. आपल्याला कुणीतरी फसवतंय, हे त्याला सहन होत नव्हतं.

"दिवाळीपर्यंत पाच पडत होते. आता चार. कुठं विकतोस?"

"नाय विकत, शेठ. गाडीच लय पिती."

पुढचा फटका कानावर बसला. बारकू फरशीवर कोसळला. ललितने त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक. पेठ तालुक्याकडचा हा ड्रायव्हर ओरडत नव्हता, आणि त्यामुळे ललित जास्तच चवताळत होता. बारकूच्या तोंडातून रक्ताची लाळ गळाली.

वरच्या गॅलरीत ललितची बायको सुवर्णा उभी होती. मारण्याआधी ललित नाकाने श्वास ओढायचा. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. दिवाळीत त्याने तिचं मनगट मोडलं, तेव्हा बारकू रजेवर होता. दवाखान्यात न्यायला कुणी नाही म्हणून ती संध्याकाळपर्यंत हात धरून बसली होती.

ती खाली आली.

"आत जा," ललित तिच्याकडे न बघता म्हणाला.

सुवर्णाने बॉनेटवरची किल्ली उचलली, मागचं दार उघडलं आणि बारकूच्या काखेत हात घातला. तो तिला एकटीला उचलेना. यादवने एकदा ललितकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने आधार दिला. दोघांनी त्याला मागे बसवलं.

"यादव, तूच चालव आता. हिला कुठं गाडी येते?" ललित हसला.

सुवर्णा ड्रायव्हरच्या जागेवर बसली. तिने सीटच्या बाजूचं, बसणाऱ्याचं माप लक्षात ठेवणारं दोन नंबरचं बटण दाबलं. सीट आपोआप पुढे सरकली, उंच झाली आणि तिच्या बरोबर मापाला येऊन थांबली. आरसेही वळले.

ललितचं हसू गेलं. तो बॉनेटसमोर येऊन उभा राहिला आणि नळीने काचेवर मारू लागला. गाडी हातभर पुढे आली. तो हलला नाही. ती आणखी हातभर पुढे आली आणि त्याच्या गुडघ्यांना टेकली. तो बाजूला झाला.

गेटबाहेर पडल्यावर सुवर्णाने आरशातून मागे पाहिलं.

"तू सांगून टाकायचंस, बारकू. मीच गाडी शिकायला रिकाम्या प्लॉटांवर गोल गोल फिरवत होते म्हणून."

"मग हे तुमाला बसलं असतं, वहिनी."

दवाखान्याच्या दारात तिने गाडी थांबवली आणि काट्याकडे पाहिलं. टाकी निम्मी होती.

"सटाण्याला आईकडे पोचेन मी एवढ्यात?"

बारकूने सुजलेला डोळा मिटला आणि मनाशी हिशेब केला.

"हायवेला बरं देती. जाऊन माघारी याल आरामात."

"माघारीचं नको धरूस," सुवर्णा म्हणाली आणि त्याला उतरवायला खाली उतरली.