बेटाचं बेटाला

बेटावरून शंख नाही, शिंपला नाही, चिमूटभर वाळूसुद्धा कुणी नेली नाही, निदान आपण रखवालीला असताना तरी नाही, याचा रखवालदाराला इतका अभिमान होता की सांगताना त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या जायच्या. परतणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो धक्क्यावर थांबवायचा, स्वतः खाली बसायचा आणि मऊ ब्रशाने त्याचे तळवे झाडायचा. मग ती केवढी का बडी असामी असेना! कुणी नाक मुरडलंच तर म्हणायचा, "अहो, वाळू म्हणजे गंमत वाटली का? पोपटमासे जन्मभर प्रवाळ चावतात, तेव्हा कुठे ही होते. अख्खं बेट माशांनी चावून चावून केलंय. बेटाचं बेटालाच राहिलं पाहिजे."

आणि बेट होतंच तसं देखणं. धक्क्याचा कठडा त्याच्या कमरेला लागायचा. त्यावर रेलून खाली पाहिलं की नितळ पाण्यात जांभळ्या प्रवाळांची बनं, त्यांतून ऐटीत फिरणारे निळे-हिरवे पोपटमासे, आणि थकलेल्या आत्याबाईंसारखी सावकाश वर येऊन श्वास घेणारी कासवीण. त्यांचं कुणी कौतुक केलं की आपल्याच पोरांचं केलं असं त्याला वाटायचं.

स्वतःची पोर मात्र एकच, आणि ती आज त्याला न्यायला आली होती. त्याची नोकरी संपली होती. याआधी दोनदा ती आली तेव्हा काहीतरी निमित्त काढून त्याने तिला एकटीलाच परत पाठवलं होतं. या वेळी मात्र शब्द दिला होता. नात चालायला लागली होती, तिचा हात धरून अंगणभर फिरायचं, एवढी एकच आस आता त्याला होती.

"चला बाबा, लाँच थांबलीय," लेक म्हणाली.

"थांब. नियम म्हणजे नियम." त्याने ब्रश तिच्या हातात दिला. "आज माझे पाय तू झाड."

"तुमच्यापुढे हात टेकले बाबा!" ती हसत खाली बसली.

वाळू धक्क्याच्या लाकडी फळ्यांच्या फटींतून पाण्यात पडत राहिली. एक पाय स्वच्छ झाला, दुसरा होईपर्यंत पहिल्याला पुन्हा वाळू. "बोटांच्या बेचक्यात अडकली असेल," तो म्हणाला. तिने पुन्हा झाडली, पुन्हा तेच. मग तिचं हसणं थांबलं आणि ती मान खाली घालून नुसती झाडतच राहिली. लाँचवाल्याने भोंगा वाजवला.

"पुरे का बाबा?"

पुरे म्हणायला काय जात होतं? नातीचा इवलासा हात त्याच्या डोळ्यांपुढे आला. मग त्याचं लक्ष फळीवर सांडलेल्या वाळूकडे गेलं. बेटाची वाळू पांढरीशुभ्र होती, आणि ही गव्हाळ होती, त्याच्या स्वतःच्या हातांच्या रंगाची. पुरे म्हणायला त्याने तोंडही उघडलं. पण आजवर कुणाची गय केली नाही, आता काय स्वतःची करायची? फटींतून खाली सगळे पोपटमासे जमलेले दिसत होते, तोंडं वर करून. एवढे एका जागी त्यानेही कधी पाहिले नव्हते. भीती वाटायला हवी होती, तर उलट त्याची छाती अभिमानाने भरून आली.

"झाड बाळा," तो म्हणाला. "बेटाचं बेटाला."

ब्रश पुन्हा फिरू लागला. तोल जाऊ नये म्हणून त्याने कठड्याला हात घातला, तर कठडा त्याच्या छातीला लागत होता.