एक हात विरोधात

नवसूअण्णा गेल्यानंतरची ही पहिलीच ग्रामसभा. सरपंच सुदर्शनने त्यांच्या मुलीला, आशाला, पुण्याला फोन करून बजावलं होतं, "ताई, येच. नव्या वाचनालयाला अण्णांचं नाव द्यायचा ठराव हाये." आशा बेल्ह्याला एसटीतून उतरली, रिक्षा करून गावात आली आणि आईला, रतनबाईला, घेऊन मारुतीच्या मंडपात बसली. वाचनालयाला नाव मिळणार याचं बरं वाटत होतं, पण ती आली होती वेगळ्याच ओढीनं. या मंडपात अण्णांचा आवाज एकदा, कसाही, ऐकू यावा.

अण्णा डावीकडच्या खांबाला टेकून बसायचे. आज मंडप भरला तरी तिथं कुणी टेकलं नव्हतं.

ग्रामसेवकाला गाव भाऊसाहेब म्हणे. भाऊसाहेबांनी विषय पुकारला आणि माना डोलल्या, की ते 'सर्वानुमते मंजूर' लिहून मोकळे व्हायचे. तेवढ्यात खांबापाशी अण्णांचा हात वर. "माझा इरोध." विरोध एकाचाही असला तर हात मोजावे लागत, आणि मोजायचे तर ठराव अक्षरन् अक्षर वाचावा लागे. अण्णांना हवं असायचं तेवढंच. वाचून झालं की बहुतेक वेळा म्हणायचे, "आता कळलं. घ्या माझा हात बाजूनं." बायकांमधून रतनबाईचा आवाज ठरलेला : "बसा की खाली! समद्या गावाचं ठरलंय, यांचंच लई येगळं!"

शाळेत असताना आशा मेंढरांमागं चालत नागरिकशास्त्र पाठ करायची. लोकशाही म्हणजे बहुमताचं राज्य.

"आन् बाकीच्यांनी काय करायचं?" अण्णांनी विचारलं होतं.

"ते अल्पमत. पुढं काय न्हाई दिलेलं."

"शंभर मेंढरं निघतात, एक थांबून बघतं. मी आधी त्याच्याकडं जातो. खड्डा त्यालाच दिसल्याला असतो."

"पेपरात हे लिहिलं तर मार्क जातील, अण्णा."

"मग नको लिव्हू. ध्यानात ठेव."

"विषय चार," भाऊसाहेब म्हणाले. "वाचनालयाला कैलासवासी नवसूअण्णांचं नाव. सगळ्यांची संमती हायेच, काय?"

"हाये, हाये!" मंडप एका सुरात बोलला. पेन टेकलं. त्यांच्याच नावाचा ठराव, आणि तोही न वाचता! आशाचा हात आपसूक वर गेला.

भाऊसाहेब ओशाळून म्हणाले, "ताई, तुमचं मतदान आता पुण्याला. इथं मत न्हाई देता येत."

खरंच होतं. लग्न झालं आणि या गावातला तिचा हात गेला. तिनं तो खाली घेतला.

शेजारी बांगड्या वाजल्या.

"माझं हाये ना इथं?" रतनबाईनं हात वर केला होता. आयुष्यात पहिल्यांदा. "लिव्हा माझा इरोध."

"काकू!" सुदर्शन हबकला. "अवं, नवऱ्याच्या नावाला इरोध?"

"जन्मभर त्यांच्या इरोधाला इरोध केला, आता नावालाबी करते. तुला काय करायचं? वाचा, भाऊसाहेब."

कुणीतरी खुदकन हसलं. भाऊसाहेब उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं : वाचनालयाची जागा, गट नंबर, आणि मग नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. मंडपात ते नाव खांबाखांबाला लागत गेलं. आशा डोळे मिटून ऐकत राहिली.

"झालं, काकू," भाऊसाहेब म्हणाले. "आता हात बाजूनं घेऊ?"

रतनबाईचा हात वरच होता.

"नीट ऐकू न्हाई आलं," ती म्हणाली. "परत वाचा."

भाऊसाहेबांनी कागद पुन्हा वर धरला.