पॅनेलवर अंबूबाई

नववीतल्या क्रांतीनं पंपाचा खटका दाबला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. टळटळीत ऊन, आभाळात औषधालासुद्धा ढग नाही, आणि पंप आपला ढिम्म.

प्रियदर्शनी मॅडमनी घाईघाईनं वायरींवरून नजर फिरवली. माण तालुक्यातली ही शाळा, पटावर पोरं मोजकीच. संस्थेचे अध्यक्ष नाथाजीराव नववी-दहावी बंद करायच्या बेतानंच आले होते. पोरांनी केलेल्या सोलर पंपानं हौदातलं पाणी टाकीत चढवून दाखवलं तर वर्ग ठेवतो, एवढाच त्यांचा शब्द. वर्ग गेले की पोरगे जातील एसटीनं दहिवडीला, पोरींना कोण पाठवतंय! क्रांतीच्या आईनं, रंगूबाईनं, तर तोंडावर सांगितलं होतं, "हितं हाय तवर शिकंल. मग मेंढरं हायतीच."

म्हणून तर वर्षभर राबली होती सगळी. मोडक्या खाटेच्या लोखंडाचा स्टँड पोरांनी केला, वायरी पोरींनी जोडल्या. कालपर्यंत पाणी धो धो पडत होतं.

मग आज कुठं माशी शिंकली? मॅडमना कळायला वेळ लागला नाही. उद्घाटन म्हटलं की फोटो हवा, हार हवा. शाळेला ज्यांचं नाव, त्या अंबूबाईंचा, म्हणजे अध्यक्षांच्या आईचा भला थोरला फोटो कुणीतरी थेट पॅनेलवरच टेकवला होता. झेंडूचा हार अध्यक्षांनी स्वतः घातलेला. पॅनेलच्या कोपऱ्यावर नुसती वही धरली तरी पंप थांबतो, हे मॅडमनीच पोरांना करून दाखवलं होतं.

क्रांतीलाही कळलं होतं. तिनं तोंड उघडलं, तसे मॅडमनी डोळे वटारले. हार घातलेला फोटो हलवायचा, तोही अध्यक्षांच्या आईचा? मॅडमची नोकरी कच्ची, दरवर्षी अध्यक्षांच्या सहीनं वाढणारी. देवा, एकदा चालू दे, असं त्या मनात घोकत राहिल्या. देव काय करणार त्यात!

नाथाजीराव उठले. "खेळणं बरं हाय," ते म्हणाले, "पर वर्ग काय चालवता येनार न्हाईत. जूनपासनं बंद."

बघायला आलेली रंगूबाई पदर सावरून, लेकीकडं न बघताच वाटेला लागली. खटका चालूच होता. अध्यक्षांनी फोटोला हात जोडले, आईला उचलून छातीशी धरलं, तोच पंप घरघरला आणि टाकीत पाणी पडायला लागलं.

सगळे बघतच राहिले.

"साहेब, फोटूनं ऊन अडलं हुतं," क्रांती बोलून गेली.

"म्हंजे माझ्या आईमुळं बंद पडलं म्हनतीस?"

मॅडमनी मान खाली घातली. बंदचा निर्णय तसाच ठेवून अध्यक्ष फोटो घेऊन गाडीत बसले आणि गाडी निघून गेली.

"मॅडम, मी आदीच सांगनार हुते," क्रांती म्हणाली. "तुमी का अडवलं?"

तुझ्या भल्यासाठी, असं मॅडमच्या ओठावर आलं. पण ते धडधडीत खोटं होतं.

"नोकरी जाईल म्हणून भ्याले गं," त्या म्हणाल्या.

क्रांतीनं पंपाचा खटका बंद केला. लांबून रंगूबाईनं हाक मारली, आणि ती गेली.