होन्नवाडीच्या ओढ्यावरची मोजणी

होन्नवाडीत उर्दू लिहिता-वाचता येणारा शेतकरी एकच, तो म्हणजे गुरुलिंग. लहानपणी लोहाऱ्याच्या शाळेत चार इयत्ता शिकला होता, आणि त्या चार इयत्ता त्याने पुढची चाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरल्या. निजामाच्या कचेरीचा उर्दू कागद आला की गाव त्याच्या ओट्यावर जमायचं. तो मिशीवरून हात फिरवायचा, कागद हातभर लांब धरायचा, आणि माणसं उगीच धास्तावून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. माणूस भला, पण जरा शेफारलेला.

लढाईची वर्षं होती. तुळजापूरच्या सडकेवर पेट्रोल मिळेना म्हणून मोटार कोळशाच्या धुरावर खोकत चालायची, आणि होन्नवाडी ते लोहारा या वाटेवर तर मोटार कुणी पाहिलीच नव्हती. ही वाट बैलगाड्यांची. साध्या दिवशीसुद्धा जाणाऱ्या-येणाऱ्या मिळून सत्तर-ऐंशी गाड्या गावाबाहेरच्या ओढ्यात उतरायच्या आणि पलीकडे चढायच्या. पावसाळ्यात ओढा आला की सगळं बंद. त्या ओढ्यावर फरशी पूल बांधायचा, की दोन कोसांवरच्या दुसऱ्या एका रस्त्यावर, हे ठरवायला सरकारी बांधकामावर देखरेख करणारे दरोगा कासीमसाब सायकलवर आले. पूल एकच मिळणार होता. दोन्ही रस्त्यांवर एकाच दिवशी गाड्या मोजायच्या. साठाच्या आत भरल्या तर त्या रस्त्याचा विचारच होणार नव्हता.

गुरुलिंगला हा पूल का हवा होता, ते गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मागच्या श्रावणात त्याची लेक शिवगंगा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ अडलं. रुद्रम्मा सुईण म्हणाली, हे माझ्या हातातलं राहिलं नाही, लोहाऱ्याच्या डॉक्टरकडे चला. गाडी जुंपली, ओढ्यापर्यंत आली, आणि ओढा दुथडी वाहत होता. सकाळपासून दुपारपर्यंत गाडी काठावर उभी राहिली. बाळ तिथंच झालं आणि पाणी उतरायच्या आत गेलं. तेव्हापासून शिवगंगा माहेरीच होती. सासरची माणसं न्यायला आली की ती आत जाऊन बसायची. त्या दिवसाबद्दल तिने कुणाशी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि गुरुलिंगला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मोजणीला लिहिणारा माणूस हवा होता, तो अर्थातच गुरुलिंग.

“बाजाराचा दिवस नको,” कासीमसाब म्हणाले. “त्या रोज आकडा फुगतो. साधा दिवस सांगा, तुम्हाला बसायला फुरसत असेल असा.”

“मग सोमवार धरा की साहेब,” गुरुलिंग क्षणाचाही विचार न करता म्हणाला. “सोमवारी आमी मोकळंच असतो.”

कासीमसाबांनी दोन्ही रस्त्यांच्या कागदांवर सोमवार लिहिला, शिक्का मारला, आणि सोमवारी दिवेलागणीच्या आधी कागद न्यायला येतो म्हणून ते पलीकडच्या रस्त्याला निघून गेले.

ही बातमी गुरुलिंगने घरी मोठ्या ऐटीत सांगितली. बायको, गौराबाई, भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

“सोमवारी? अवो, सोमवारी गाड्या येत्याल कुठनं?”

गुरुलिंगच्या मिशीवरचा हात खाली आला. होन्नवाडी आणि आसपासची चार गावं महादेवाची. सोमवार हा बैलांचा दिवस. बैल म्हणजे बसवण्णा, महादेवाचा नंदी. सोमवारी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, ना नांगराचं, ना गाडीचं. आजा-पणजापासून कुणी ठेवलं नव्हतं. म्हणूनच तर गुरुलिंग सोमवारी मोकळा असायचा! आपण मोकळे म्हणजे सगळं गाव मोकळं, एवढी साधी गोष्ट त्या चार इयत्तांच्या डोक्यात शिरली नव्हती. आणि पलीकडच्या रस्त्यावरची गावं सोमवार पाळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवारी तो उन्हातान्हाचा दोन कोस चालत गेला. कासीमसाब पहाटेच पुढच्या गावाला गेले होते. तो परत आला तेव्हा बसवण्णाच्या देवळापुढे गाव बसलं होतं, आणि त्याला फैलावर घ्यायला वाट बघत होतं.

“सात दिवसांत तुला ह्योच गावला व्हय?” महालिंगप्पा पाटील कडाडले. पाटील ऐंशीच्या घरातले, त्यांच्यापुढे कुणी आवाज चढवत नसे.

“चुकलं माजं,” गुरुलिंग म्हणाला. मग धीर करून म्हणाला, “एवढा एक सोमवार जुपलं तर? बसवण्णा काय समजून घ्यायचा न्हाय?”

“तो समजून घील. पर त्याला इचारणार कोण? त्याला बोलता येत न्हाय म्हणून तर सोमवार ठिवलाय त्याच्यासाठी.”

पाटलांचं खोटं नव्हतं. गुरुलिंगच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

मागे बायकांत बसलेली रुद्रम्मा उठली. लुगडं झटकलं.

“सोमवार बैलांचा हाय,” ती म्हणाली. “माणसांचा न्हाय. बैलांला ऱ्हाऊ द्या गोठ्यात. गाड्या आपुन वडू.”

पाटील तिच्याकडे वळून म्हणाले, “माजी गाडी धरा पयली. वडायला दोन नातू देतो.”

सोमवारी सकाळी गुरुलिंग ओढ्याकाठी लिंबाखाली पोतं अंथरून बसला. छापील कागदावर रकाने होते: बैलगाडी, टांगा, मोटार, पायी. बैलगाडीच्या रकान्यात काय लिहायचं, हे त्याला कळेना. तेवढ्यात पाटलांची गाडी आली. जुवाखाली दोन नातू, मागून चौघे रेटणारे. पाठोपाठ वीरप्पा कोष्ट्याची, मग शांतलिंगची. उतारावर गाड्या आवरताना पोरांची तारांबळ उडत होती, चढावर बायका चाकांना खांदा देत होत्या. गाड्या लोहाऱ्याच्या बाजूला पाव कोस जायच्या, तिथं थोडा दम खायचा, आणि परत.

“मांड, गुरुलिंगा!” घामाघूम वीरप्पा ओरडला. “आदुगर लिव, मग बघत बस!”

गुरुलिंगने छापील कागद बाजूला ठेवला आणि एका कोऱ्या कागदावर रेघा ओढायला लागला. शेफारलेला होता, पण सरकारी कागदावर खोटं लिहिण्याइतका नव्हता. बैल नाही तिथं बैलगाडी कशी लिहावी?

दुपार कलल्यावर त्याची स्वतःची गाडी आली. जुवाखाली एका बाजूला गौराबाई होती आणि दुसऱ्या बाजूला शिवगंगा. सात महिन्यांत ती या काठाकडे फिरकली नव्हती. आता ती खाली मान घालून, पाय रोवत उतरत होती, आणि वाळूत चाक रुतलं तेव्हा तीच आधी म्हणाली, “आई, रेट.” गुरुलिंग उठून मदतीला धावणार होता. पण मोजणाऱ्याने जागा सोडायची नाही, असा नियम होता. तो बसून राहिला, आणि त्याने त्या गाडीचीही रेघ ओढली.

कासीमसाब आले तेव्हा शेवटच्या गाड्या परतत होत्या. ते सायकल धरून तसेच उभे राहिले.

“ये क्या तमाशा है?”

गुरुलिंगने सगळं सांगितलं. सोमवार, बैल, आपली चूक. छापील कागद कोरा होता. दुसऱ्या कागदावर बासष्ट रेघा होत्या.

“त्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन्हीकडे रविवार धरला असता,” कासीमसाब हळहळले. “आता उद्या मला कचेरीत हजर व्हायचंय, दोन्ही कागद घेऊन. बैलगाडी साठ पायजेत, आणि इथं बैल एक नाही. झूठ मी लिहीत नाही, गुरुलिंगअप्पा.”

“मीबी लिवलं न्हाय, साहेब.”

कासीमसाबांनी छापील कागदाची घडी घालायला घेतली. तेव्हा गाडीपासून शिवगंगा पुढे आली. पदर डोक्यावर ओढलेला, खांदा सोलवटलेला. परक्या माणसापुढे ती आधी कधी बोलली नव्हती.

“साहेब, गेलेल्या गाड्या तुमी मांडता. जी गाडी जाऊच शकली न्हाय, ती कुठं मांडायची?”

कासीमसाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग गुरुलिंगकडे. बापाचं तोंड बघून त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी घडी मोडली. कागदाच्या अगदी शेवटी एक रुंद रकाना होता, त्यावर बोट ठेवलं.

“ही कैफियत. इथं जे असेल ते लिहायची मुभा आहे. बैल का नाहीत ते लिहा. बासष्ट गाड्या माणसांनी ओढल्या ते लिहा, खाली मी सही करतो. आणि ही बाई म्हणते तेही लिहा. साहेबलोक वाचतील की नाही, ते माझ्या हातात नाही.”

गुरुलिंग लिहायला बसला. बैलांचं लिहिलं, बासष्टचं लिहिलं. शेवटच्या ओळीला फार वेळ लागला. गाव भोवती गोळा झालं होतं.

“काय लिवलाव, अप्पा?” शिवगंगा म्हणाली. “वाचा.”

त्याने कागद हातभर लांब धरला नाही. जवळ घेऊन, हळू आवाजात, आपल्या भाषेत करून वाचलं.

“मागच्या श्रावणात एक गाडी पाण्यामुळं या ओढ्यापाशी अडली. दवाखान्याला जाणारं माणूस, एक.”

“एक न्हाय,” ती म्हणाली. “दोन लिवा.”

गुरुलिंगने एक खोडला आणि दोन लिहिलं.