शब्दांची माहेरं

"बाई, दार उघडा! कंबर गेली माझी!"

आधी शिवगंगेचा आवाज आला, मग पितळेची घागर आणि तिच्या आडून कशीबशी दिसणारी शिवगंगा. गौरम्माबाई दाराला पाठ लावूनच उभ्या होत्या. तरी दोन श्वास थांबून त्यांनी कडी काढली. वाट बघत होतो असं पोरीला दिसायला नको.

"हळू ओत गं. सांडू नको."

"सांडंल कशाला? आमच्या आईनं चार जणींशी भांडून भरलीय." शिवगंगेनं घागर माठात रिकामी केली, ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं आणि तिथंच फरशीवर फतकल मारली. "द्या आता माझी मजुरी."

मजुरी म्हणजे शब्दांची जोडी. रोज एक. हा सौदा शिवगंगेनंच ठरवला होता. टँकर यायचा भरदुपारी. बाई तेव्हा शाळेत, आणि एकट्या बाईची घागर रांगेत लावायला घरात दुसरं कोण? मग शिवगंगेची आई आपल्या घागरींमागं बाईंचीही लावायची आणि संध्याकाळी लेक ती पोचवायची. नवा जिल्हा होऊन लातूरच्या पाट्या रंगून झाल्या होत्या, 'जि. उस्मानाबाद' पुसलं गेलं होतं, नळाला मात्र अजून नुसती हवाच यायची.

"आज टर्बिड आणि टर्जिड," बाई म्हणाल्या.

शिवगंगेनं दोन्ही शब्द लिमलेटच्या गोळीसारखे गालात घोळवले. "जुळ्या बहिणी हायेत का?"

"जावा आहेत. एका घरात नांदतात म्हणून सारख्या दिसतात. माहेरं वेगळी." बाईंचे डोळे चमकायला लागले. "टर्बिड म्हणजे गढूळ. लॅटिनमध्ये टर्बा म्हणजे गर्दी, धांदल. माणसांची झुंबड उडाली की धूळ उठते ना, तसं पाण्यात कालवाकालव झाली की गाळ वर येतो. आणि टर्जिड म्हणजे फुगलेलं. तिच्या माहेरी नुसती सूज."

"म्हंजे टँकरवरच्या समद्या बाया टर्बिड, आन् भामामावशीचे पाय टर्जिड!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना तोंडाला पदर लावावा लागला. शेजारच्या भामाबाईंचे पाय खरंच सुजून खांबासारखे झाले होते, आणि त्यांना हसणं बरं नव्हतं. पण हसू आलं त्याला काय करणार?

बाईंना शब्दांचं हे वेड देगलूरहून आलेलं. तिथं वडिलांच्या आडत दुकानात मराठी, कानडी, तेलुगू एकाच ओट्यावर टेकायच्या, आणि छोटी गौरम्मा कुठला शब्द कुठून आला ते विचारत फिरायची. पुढं नांदेडला शिकताना इंग्रजी भेटली आणि ते वेड पक्कं झालं. लग्न झालं नाही. वडील गेल्यावर दुकान भावाचं, घर भावजयीचं. बाई दिवाळीला जायच्या आणि दोन दिवसांत परत यायच्या. शाळेत एकदा त्यांनी व्हीनल आणि व्हीनियलची माहेरं सांगितली होती. एक बाजारातून आलेली, लाचखाऊ. दुसरी क्षमेतून आलेली, माफ करण्याजोगी. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, परीक्षेत येतंय का?" येत नव्हतं. बाईंनी फळा पुसला.

त्यानंतर शब्दांचं कुणी विचारलं असेल तर ते ह्या नववीतल्या पोरीनं. गॅदरिंगमध्ये भाषण ठोकल्यापासून तिचा आवाज चार गल्ल्या ऐकू जायचा. बाईंच्या खोलीत तो आवाज घुसला की भिंतीसुद्धा जाग्या व्हायच्या.

आणि एक दिवस तोच आवाज आनंदानं फुटतच आला.

"बाई, खबर ऐकलीत का? उद्यापून टँकर सांजच्याला येणार! तुमच्या दारापुढंच उभा ऱ्हाणार! सुटलात तुम्ही, आन् माझी कंबरबी सुटली!"

"अरे वा," बाई म्हणाल्या. "लई चांगलं झालं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः घागर भरली. दोन पावलांवर दार. कसला त्रास नाही. माठ काठोकाठ भरला, झाकण ठेवलं, आणि करायला काही उरलं नाही. शिवगंगा आली नाही. कशाला येईल? आजची जोडी मात्र सकाळपासून तयार होती: आयसोलेट आणि डेसोलेट. भाकरी थापता थापता बाई परातीलाच सांगायला लागल्या. "आयसोलेटचं माहेर बेट. इन्सुला. चारी बाजूंनी पाणी, म्हणून एकटं. डेसोलेटचं माहेर सोलुस, म्हणजे एकटा. त्याला सोडून सगळे निघून गेले." परात काय बोलणार? भाकरी तेवढी करपली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी भरलेली घागर तशीच उचलून शेजारी नेली आणि भामाबाईंच्या हंड्यात ओतली.

"अगं बया! सगळी? आन् तुम्हाला?"

"माझ्याकडं कालचं आहे. तुम्हाला पायांमुळं रांगेत उभं राहवत नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. घरी येऊन मात्र बाईंनी रिकामी घागर उंबऱ्यावर आडवी ठेवली, तोंड रस्त्याकडं करून. स्वतः आत बसल्या. अख्ख्या नोकरीत त्यांनी एक खोटा मार्क कुणाला दिला नव्हता. आता कान उंबऱ्याकडं लागले होते.

मैत्रिणींच्या घोळक्यातून शिवगंगा चाललीच होती. घागर बघून थबकली.

"बाई? भरली न्हाई का?"

"नाही गं. राहिलंच आज."

"असं कसं ऱ्हातंय! थांबा, आत्ता आणते!" मैत्रिणींना सोडून पोरगी घागर घेऊन पळाली. बाईंना इतकं बरं वाटलं की त्या उठून केस विंचरायला लागल्या.

शिवगंगा घामाघूम होऊन आली, घागर टेकवली, फतकल मारली. "हां, द्या मजुरी. दोन दिसांची द्या, काल बुडाली."

"काल तुझ्यासाठी काढून ठेवली होती. आयसोलेट..."

तेवढ्यात दारात भामाबाई उभ्या. हातात शेंगदाण्याच्या चटणीची वाटी. "बाई, तुम्ही भरली घागर माझ्या हंड्यात ओतलीत, लई भरून आलं बघा. म्हणलं, चटणी तरी द्यावी." त्यांनी वाटी ठेवली, शिवगंगेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाय ओढत निघून गेल्या.

शिवगंगेनं आधी वाटीकडं बघितलं, मग घागरीकडं. बाईंकडं बघितलं नाही.

"हे आमच्या रांजणातलं हाय, बाई. टँकर कवाच गेला. आईनं धाकट्याच्या आंघोळीला ठिवलं होतं."

बाईंनी घागर तिच्याकडं सरकवली. "घेऊन जा," त्या कशाबशा म्हणाल्या. "सगळं घेऊन जा."

शिवगंगेनं माठाचं झाकण काढून आत डोकावलं. कालचं पाणी निम्म्यावर आलं होतं. घागर वाकवली आणि निम्मं पाणी माठात ओतलं. उरलेलं कमरेवर घेतलं. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "नुसतं बोलावलं असतं, तरी आले असते की मी."

रागानं म्हणाली असती तर सोसलं असतं.

आठवडाभर बाई रोज ठरवायच्या, आज हाक मारायची. शाळेत शिवगंगा "नमस्ते बाई" म्हणायची, पूर्वीसारखंच हसायची, पण थांबायची नाही. वर्गात नाव घ्यायला बाईंना काही वाटायचं नाही. तिथं त्या बाई होत्या. रस्त्यावर कोण होत्या, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

शनिवारी त्या टँकरसाठी रांगेत उभ्या राहिल्या. पलीकडच्या कडेनं शिवगंगा मैत्रिणींबरोबर हातवारे करत काहीतरी सांगत चालली होती, आणि सगळ्या पोरी हसत होत्या. बाईंनी घागर खाली ठेवली. घसा साफ केला.

"शिवगंगा!"

त्याच वेळी टँकर हॉर्न देत वळला. बाया तुटून पडल्या. पाइप, शिव्या, घागरींचा खणखणाट. बाईंची हाक त्या कल्लोळात कुठं गेली ते त्यांनाही कळलं नाही. पोरींचा घोळका कोपऱ्यावर पोचला आणि दिसेनासा झाला. बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

"बाई, घागर सरकवा, न्हाई तर मागं व्हा!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंनी घागर सरकवली. पाइपचं तोंड उसळलं आणि त्या खांद्यापासून भिजल्या. भरलेली घागर घेऊन घरात आल्या, दार लावलं. पदरातून पाणी टपटपत होतं. त्यांनी भांडी धुवायच्या पाण्याची बादली पुढं ओढली आणि उभ्या उभ्या, थेंबन्‌थेंब निघेपर्यंत, पदर तिच्यात पिळत राहिल्या.